युनायटेडची आजवरची सर्वांत भारी साइनिंग कोणती? सांगलीतल्या आमच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेत एका मित्राच्या घरी तळमजल्यावर एक खोली रिकामी असते. आम्ही दहा-बारा जण तिथं मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे सामने एकत्र बघतो. कुणी मिरजेहून येतो, कुणी माधवनगरहून, एकजण तासगावहून बेदाण्याचे सौदे आटपून तसाच गाडी मारत येतो. दरवर्षी दोन-तीन नवी पोरं येतात, बहुतेक इंजिनिअरिंगची. पहिल्या-दुसऱ्या शनिवारीच त्यांच्यातला कुणीतरी विचारतो, "क्लबनं आजवर घेतलेल्या खेळाडूंत सगळ्यात भारी कोण?" की संपलं. भडंगाची पिशवी फिरते, चहाचे कप गार होतात आणि मध्यंतरानंतरची पहिली दहा मिनिटं कुणी बघतच नाही. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहिलं आहे. मतं माझी आहेत, पण माझ्याशी भांडणाऱ्यांची बाजूही जमेल तितकी सरळ मांडली आहे.

सर्वोत्तम साइनिंग म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच ना?

नाही. निम्मी भांडणं या एका गोंधळातूनच होतात.

आपला भाग उसाचा आहे, म्हणून उसातलंच सांगतो. कारखान्यात किती टन ऊस आला यावर हंगाम ठरत नाही, साखर उतारा किती पडला, म्हणजे त्या उसातून साखर किती निघाली, त्यावर ठरतो. खेळाडू किती मोठा हे टनाचं माप झालं. साइनिंग मोजायची तर उतारा बघायचा. त्यासाठी मी दोन प्रश्न विचारतो. तो यायच्या आधी संघ नेमका कुठं अडला होता? आणि तो नसताना संघाचं काय झालं? पहिला प्रश्न सगळे विचारतात, दुसरा जवळपास कुणीच नाही. खरं उत्तर मात्र दुसऱ्यातच सापडतं. किंमत त्यानंतर येते.

मग गिग्ज, स्कोल्स, बेकहॅम यांची नावं का घेत नाही?

कारण ते घेतलेले नाहीत, घरात वाढलेले आहेत. बॉबी चार्लटन, डंकन एडवर्ड्स, जॉर्ज बेस्ट हेही क्लबच्याच तालमीत तयार झाले. या वादात फक्त दुसऱ्या क्लबकडून पैसे मोजून किंवा करार करून आणलेले खेळाडू धरायचे. पॉल पोग्बावर एकदा खूप डोकेफोड झाली: अ‍ॅकॅडमीतला पोरगा २०१२ मध्ये गेला आणि २०१६ मध्ये ८ कोटी ९० लाख पौंडांना परत आणला, तेव्हाचा जगातला विक्रमी सौदा. पैसे मोजले म्हणजे साइनिंग, असं ठरलं. उताऱ्याबद्दल कुणी वाद घातला नाही.

तुमचं स्वतःचं उत्तर काय? आधी ते सांगा.

एरिक कँटोना. त्याच्याखाली मी डेनिस आयर्विनला ठेवतो, आणि हे मी सांगलीचा आहे म्हणून म्हणत नाही. कारण खाली येईलच. तिसरा पीटर श्मायकल. या तिघांचा क्रम मी गेल्या वीस वर्षांत दोनदा बदलला आहे, पण पहिलं नाव कधी हललेलं नाही.

कँटोना युनायटेडकडे आला कसा? खरंच फोनवरून ठरलं?

खरंच. ही गोष्ट आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच दिवशी ऐकवतात.

आधी तेव्हाची परिस्थिती बघा. लीग, म्हणजे इंग्लंडमधली वरच्या विभागाची हंगामभर चालणारी स्पर्धा, युनायटेडनं शेवटची जिंकली होती १९६७ मध्ये. मॅनेजर म्हणून अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये आले. एफए कप आला, युरोपातला कप विनर्स कप आला, लीग मात्र येईना. १९९१-९२ च्या हंगामात जवळपास हातात आलेली लीग शेवटच्या काही आठवड्यांत निसटली आणि गेली कुणाकडे, तर लीड्सकडे. त्या उन्हाळ्यात अ‍ॅलन शिअररवर नजर होती, तो ब्लॅकबर्नला गेला. मग केंब्रिज युनायटेडचा डायन डब्लिन घेतला, तर सप्टेंबरमध्ये त्याचा पाय मोडला. संघ चांगला होता, गोल होत नव्हते.

नोव्हेंबर १९९२ मध्ये लीड्सकडून युनायटेडचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स यांना फोन आला: तुमचा डेनिस आयर्विन देता का? फर्ग्युसन त्या वेळी एडवर्ड्स यांच्याच खोलीत बसले होते. आयर्विन द्यायचा प्रश्नच नव्हता. पण फोन ठेवायच्या आधी फर्ग्युसननी कँटोनाबद्दल विचारायला लावलं. लीड्सनं नाही म्हटलं नाही. काही दिवसांतच दहा-बारा लाख पौंडांत सौदा पुरा झाला.

हा माणूस वर्षभर आधी, डिसेंबर १९९१ मध्ये, फ्रान्समध्ये शिस्तभंगाच्या शिक्षेवरून फुटबॉलच सोडायला निघाला होता. त्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं. लीड्सनं हात लावला, लीग जिंकली आणि पुढच्याच हंगामात त्याला आपल्या सगळ्यात जुन्या वैऱ्याकडे जाऊ दिलं.

पण कँटोनाचे गोल तर ८२ च आहेत. त्यापेक्षा कितीतरी जास्त गोल केलेले आहेत की.

आहेत. १८५ सामन्यांत ८२ गोल हा मोठा आकडा नाही. म्हणूनच मी दुसरा प्रश्न विचारतो.

कँटोना आला त्या हंगामात, १९९२-९३ मध्ये, युनायटेडनं २६ वर्षांनी लीग जिंकली, अ‍ॅस्टन व्हिलापेक्षा १० गुण जास्त घेऊन. पुढच्या वर्षी लीग आणि एफए कप दोन्ही, कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीवर ४-० आणि त्यातल्या दोन पेनल्टी कँटोनाच्या. मग १९९५ च्या जानेवारीत त्याच्यावर बंदी आली. त्या हंगामात लीग गेली एका गुणानं, ब्लॅकबर्न ८९ आणि युनायटेड ८८. एफए कपचा अंतिम सामना एव्हर्टनकडून ०-१ हरला. तो परत आला १ ऑक्टोबर १९९५ ला, लिव्हरपूलविरुद्ध. पहिल्याच सामन्यात पेनल्टीवर गोल. त्या वर्षी पुन्हा लीग आणि कप दोन्ही, आणि कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल शेवटच्या काही मिनिटांत त्याचाच, तोही लिव्हरपूलविरुद्ध. १९९७ ला परत लीग, आणि तिशीतच निवृत्ती.

पाच हंगाम, चार लीग. जी हुकली ती नेमकी तो निम्मा हंगाम बाहेर बसलेला असताना. खेळाडू असताना काय होतं आणि नसताना काय होतं, याची इतकी स्वच्छ नोंद मला दुसऱ्या कुणाची दाखवा.

आणखी एक गोष्ट आकड्यांत येत नाही. फर्ग्युसननीच सांगितलंय की पहिल्या दिवशी सराव संपल्यावर कँटोनानं त्यांच्याकडे दोन पोरं मागितली, जादा सरावासाठी. दुसऱ्या दिवसापासून एकेक करत बाकीचेही थांबायला लागले. ज्या पोरांनी पुढं १९९९ मध्ये तीन चषक जिंकले ती त्याच मैदानावर हे बघत होती. तालमीत एखादा जुना पैलवान सगळे गेल्यावरही जोर मारत बसला, की नव्या पोरांचे पाय आपसूक अडतात. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या लाथेचं काय? तेही हिशेबात धरता की नाही?

धरतो, आणि धरलंच पाहिजे. २५ जानेवारी १९९५, क्रिस्टल पॅलेसचं मैदान. लाल कार्ड मिळून बाहेर जाताना शिव्या देणाऱ्या एका प्रेक्षकाला त्यानं उडी घेऊन लाथ मारली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी. कोर्टानं आधी दोन आठवड्यांची कैद सुनावली होती, अपिलात ती १२० तासांच्या समाजसेवेवर आली आणि त्यात त्यानं लहान मुलांना फुटबॉल शिकवलं. समोरचा काहीही बोलला असला तरी खेळाडूनं प्रेक्षकावर हात-पाय टाकायचा नाही, यात मला कसलीच सूट मान्य नाही. त्या एका लाथेनं एक लीग आणि बहुधा एक कप गेला. त्याच्या उताऱ्यातून मी तेवढं वजा करतो. वजा करूनही तोच पुढं राहतो.

श्मायकलचं नाव तिसरं का? गोलीशिवाय कुठली लीग जिंकता येते?

आमच्यातला एकजण शाळेच्या संघात गोली होता. तो या प्रश्नावर उभं राहूनच बोलतो, आणि त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

पीटर श्मायकल १९९१ मध्ये डेन्मार्कच्या ब्रॉन्डबीकडून आला, ५ लाख ५ हजार पौंडांना. फर्ग्युसननी पुढं याला शतकातला सगळ्यात स्वस्त सौदा म्हटलं. दुसऱ्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्यानं डेन्मार्कसाठी युरो जिंकला. ज्या स्पर्धेत डेन्मार्कला युगोस्लाव्हियाच्या जागी ऐनवेळी बोलावलं होतं, त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सच्या व्हॅन बास्टनची पेनल्टी त्यानं अडवली. युनायटेडकडे आठ हंगामांत पाच लीग. हात-पाय चारी बाजूंना फाकून पुढ्यात झेप घ्यायची त्याची पद्धत हँडबॉलमधली. आणि चेंडू हातात आला की तो लाथेनं उडवायचा नाही, हातानं मैदानाच्या मध्यापर्यंत फेकायचा. तिथून गिग्ज किंवा कँचेल्स्किस सुटायचा. म्हणजे हल्ल्याची सुरुवातच गोलीपासून.

१४ एप्रिल १९९९, एफए कपच्या उपांत्य फेरीचा पुन्हा खेळवलेला सामना, समोर आर्सेनल, १-१, आपला रॉय कीन लाल कार्ड मिळून बाहेर गेलेला, शेवटच्या क्षणी बर्गकॅम्पची पेनल्टी. श्मायकलनं ती डावीकडे झेपावून काढली. जादा वेळेत गिग्जनं अर्ध्या मैदानातून धावत जाऊन गोल केला. ती पेनल्टी आत गेली असती तर त्या वर्षीचे तीन चषक (लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग) दोनच राहिले असते.

आता माझाच दुसरा प्रश्न लावा: तो गेल्यावर काय झालं? बॉसनिच आला, ताइबी आला, बार्थेझ आला, मग कॅरोल आणि हॉवर्ड. ताइबीला ४५ लाख पौंड मोजले आणि तो चार सामने खेळला, त्यातला एक चेल्सीकडून ०-५. २००५ मध्ये फुलहॅमकडून एडविन व्हॅन डर सार येईपर्यंत सहा वर्षं ती जागा रिकामीच होती म्हणा ना. हा मुद्दा इतका जोरदार आहे की २०१० च्या आसपास मी श्मायकलला दुसऱ्या जागी ठेवलं होतं.

मग खाली का आणलं? कारण त्या सहा वर्षांतही युनायटेडनं २०००, २००१ आणि २००३ ची लीग जिंकली. जागा दुखत होती, पण घर उभं होतं.

रोनाल्डो? त्याच्याएवढा मोठा खेळाडू तर क्लबनं घेतलाच नाही.

खेळाडू म्हणून हे मान्यच. साइनिंग म्हणून बघताना थोडं थांबावं लागतं.

ऑगस्ट २००३ मध्ये लिस्बनला स्पोर्टिंगच्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाचा मैत्रीपूर्ण सामना होता. १८ वर्षांच्या पोरानं युनायटेडच्या बचावाला असं फिरवलं की आठवड्याभरात १ कोटी २२ लाख पौंडांना तो युनायटेडचा झाला, आणि ७ नंबरचा शर्टही मिळाला. २००७-०८ मध्ये सगळ्या स्पर्धांत मिळून ४२ गोल, मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हेडर, त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर. २००९ मध्ये रेआल माद्रिदला विकला तो ८ कोटी पौंडांना, तेव्हाचा जागतिक विक्रम.

आमचा तासगावचा व्यापारी मित्र याला हरिपूरच्या पेवातली हळद म्हणतो. नव्या पोरांसाठी सांगतो: हरिपूरला जमिनीखाली पेवं असत, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही की वास नाही, आणि भाव आला की बाहेर निघायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. तर १८ व्या वर्षी ठेवलेला माल सहा वर्षांनी सहापटीनं निघाला, शिवाय ठेवलेला असताना तीन लीग देऊन गेला. व्यापार म्हणून याला तोड नाही, हे मी त्याला दरवेळी मान्य करतो.

पण तो नसताना? २००३ मध्ये तो आला तेव्हा युनायटेड लीगचा विजेताच होता. २००९ ला तो गेला, त्यानंतरच्या हंगामात लीग चेल्सीकडे एका गुणानं गेली आणि २०११ ला परत आली. क्लब त्याच्या आधीही जिंकत होता, नंतरही जिंकला. २०२१ ला तो परत आला तो काळ मी यात धरत नाही. ती वेगळी साइनिंग आहे आणि तिचा शेवट कुणालाच आठवायला आवडत नाही.

रूनीचे गोल सगळ्यात जास्त आहेत, तरी तो पहिल्या तिघांत नाही?

२५३ गोल, चार्लटनचा २४९ चा विक्रम २०१७ च्या जानेवारीत मोडला. २००४ मध्ये एव्हर्टनकडून आला तेव्हा तोही १८ चाच, आणि पहिल्याच सामन्यात फेनरबाचेविरुद्ध तीन गोल. १३ हंगाम राहिला. हवी तिथं जागा घेतली, रोनाल्डोसाठी डाव्या बाजूला जाऊन धावला, आणि त्याबद्दल त्याला पुरेसं श्रेय मिळालं नाही असं मला मनापासून वाटतं. माझ्या यादीत तो चौथा. मिरजेच्या आमच्या दादांच्या यादीत पहिला. त्यांच्याशी हा वाद पुन्हा काढू नका, सामना संपेपर्यंत थांबत नाहीत.

काका डेनिस लॉचं नाव घेतात, तो कोण?

काका आमच्यात वयानं सगळ्यात मोठे, निवृत्त शिक्षक. त्यांच्याशी वाद घालताना आवाज चढवायचा नाही, एवढा एक नियम आहे.

६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात २३ माणसं गेली, त्यात युनायटेडचे आठ खेळाडू होते. तेव्हाचे मॅनेजर मॅट बझबी यांनी संघ पुन्हा शून्यातून बांधायला घेतला. १९६२ मध्ये त्यांनी इटलीतल्या तोरिनोकडून डेनिस लॉला आणलं, १ लाख १५ हजार पौंडांना, ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. ४०४ सामने, २३७ गोल. १९६३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात गोल, १९६५ आणि १९६७ ची लीग, १९६४ चा बॅलन डी'ओर. १९६८ चा युरोपियन कप क्लबनं जिंकला तेव्हा तो गुडघ्याच्या दुखण्यानं हॉस्पिटलात होता. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर बेस्ट आणि चार्लटन यांच्याबरोबर जो तिसरा पुतळा आहे, तो याचाच. तिघांतला विकत आणलेला हा एकटा.

काकांचं म्हणणं सरळ आहे: घर जळाल्यावर जो पहिला वासा आणला तो सगळ्यात मोलाचा. याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच म्हणतो की मी त्याचा खेळ जुन्या तुकड्यांतच बघितला आहे, आणि न बघितलेल्या खेळाडूला क्रमांक देणं मला बरं वाटत नाही. म्हणून लॉ माझ्या यादीत नाही. वर नाही आणि खालीही नाही.

आयर्विनचं नाव दुसरं? हे पुलामुळेच ना?

हा प्रश्न प्रत्येक नवा पोरगा हसत हसत विचारतो, म्हणून सविस्तर सांगतो.

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा. डेनिस आयर्विन आयर्लंडमधल्या कॉर्कचा. दोघांचा काडीचा संबंध नाही. इंग्रज समालोचक त्याचं नाव वेगळं उच्चारतात, पण लहानपणी आडनाव ऐकलं आणि आम्ही त्याला पुलासारखंच म्हणायला लागलो, ते कायमचं.

१९९० मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधल्या ओल्डहॅमनं एफए कपच्या उपांत्य फेरीत युनायटेडला घाम फोडला. पहिला सामना ३-३, दुसरा कसाबसा जिंकला. त्या ओल्डहॅमचा हा फुल बॅक. सव्वासहा लाख पौंडांना त्याच उन्हाळ्यात आणला. मूळ उजव्या पायाचा, पण १९९१ मध्ये पॉल पार्कर आला तसा हा डाव्या बाजूला गेला आणि पुढची दहा-अकरा वर्षं तिथंच राहिला. ५२९ सामने, सात लीग, १९९९ चा चॅम्पियन्स लीग अंतिम सामना. पेनल्टी मारायचा, फ्री किक मारायचा. जानेवारी १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवरच्या ३-३ सामन्यात मारलेली फ्री किक नक्की बघा.

फर्ग्युसन त्याला दहापैकी आठ गुणांचा डेनिस म्हणायचे. दर आठवड्याला आठ. नऊ क्वचित, पण सहा कधीच नाही. आपल्या सर्वकालीन संघात हमखास जागा असलेलं नाव कोणतं असं विचारलं तेव्हा त्यांनी याचंच नाव घेतलं, आणि त्यांच्या हाताखालून रोनाल्डो गेला होता, कीन गेला होता.

आम्ही आयर्विन पुलावरून रोज जातो. त्याच्याकडे बघतो कधी? पाणी चढायला लागलं की. ४० फूट झाले की इशारा, ४५ ला धोका. मग अख्खी सांगली एकमेकांना एकच विचारते: आयर्विनला किती झालं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याच आठवड्यात युनायटेडनं हॅरी मॅग्वायरला ८ कोटी पौंडांना घेतलं, बचावपटूसाठी जगातली सर्वांत जास्त किंमत. ती बातमी मी एका नातेवाइकाच्या गच्चीवर बसून वाचली. खाली रस्त्यावरून बोटी जात होत्या. ८ कोटींचा बचावपटू आणि सव्वासहा लाखांचा बचावपटू, हा विचार त्या रात्री डोक्यात आला तो आजतागायत गेला नाही. त्याच वर्षी मी आयर्विनला दुसऱ्या जागी आणलं.

आणि तो १९९२ चा फोन आठवा. लीड्सनं मागितला होता आयर्विन. त्याला नाही म्हटलं म्हणून बोलणं कँटोनावर आलं. माझे पहिले दोन एकाच फोनवर ठरले, एक न देऊन आणि दुसरा घेऊन.

रॉय कीन कुठं बसतो?

पाचवा. १९९३ मध्ये त्याचा क्लब नॉटिंगहॅम फॉरेस्ट खालच्या विभागात उतरल्यावर ब्लॅकबर्नशी त्याचं ठरलंच होतं. शुक्रवारी कागद तयार नव्हते म्हणून सही राहिली, मधल्या वेळात फर्ग्युसनचा फोन गेला. साडेसदतीस लाख पौंड, ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. पुढं सात लीग आणि आठ वर्षं कॅप्टन. त्याला पाचवा ठेवताना माझा हात अडखळतो हे कबूल करतो.

सगळ्यात स्वस्तात मस्त कोण?

नुसता पैसा बघितला तर श्मायकल. पण माझ्या मनात इथं ओले गुन्नार सोल्शायर येतो. १९९६ च्या उन्हाळ्यात युनायटेडला पुन्हा शिअरर हवा होता, तो दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. नॉर्वेच्या मोल्डेकडून १५ लाखांत हा लहान चणीचा पोरगा आला, शिअररच्या एक दशांश किमतीत. १२६ गोल, त्यातले कितीतरी बाकावरून उठून. फेब्रुवारी १९९९ मध्ये फॉरेस्टविरुद्ध उशिरा मैदानात येऊन चार.

आणि बार्सिलोनात झालेला १९९९ चा तो चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. आपल्याकडे २७ मेची पहाट लागली होती, दोनच्या सुमारास. मी नववीत होतो. वडील शेजारच्या खोलीत झोपलेले, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. बायर्न १-० नं पुढं, ९० मिनिटं संपलेली. आधी शेरिंगहॅम, मग सोल्शायर. मी ओरडलो. वडील धावत बाहेर आले, त्यांना वाटलं घरात साप निघाला. मग तेही उभ्यानंच चषक देईपर्यंत बघत राहिले.

पौंडांचे रुपये करून सांगा ना, म्हणजे कळेल.

करू नका. १९९२ चे १२ लाख आणि २०१९ चे ८ कोटी एकाच तागडीत घातले तर काहीच कळत नाही. त्या त्या वर्षी दुसऱ्या खेळाडूला काय भाव होता तो बघायचा. कँटोना आला त्याच वर्षी ब्लॅकबर्ननं शिअररला तीस लाखांच्या वर मोजले होते. म्हणजे कँटोना निम्म्याहूनही कमी भावात. एवढं पुरेसं आहे.

फर्ग्युसननंतरच्या काळातली सर्वोत्तम साइनिंग?

ब्रुनो फर्नांडिस, जानेवारी २०२०, स्पोर्टिंगकडूनच. याबाबतीत आमच्यात जवळपास एकमत आहे. तो नसता तर ही वर्षं बघवली नसती. पण लीग नाही, म्हणून जुन्यांच्या रांगेत त्याला अजून बसवत नाही.

सांगलीत बसून मँचेस्टरच्या क्लबवर एवढं भांडण कशाला?

घरचे विचारतात तो हा प्रश्न. आमच्यातले तिघे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढले. तिथं परगावचा खेळाडू आणला की पेठेत हाच वाद पेटतो: आणलेल्यानं काय दिलं, घरच्या पोराची जागा खाल्ली का? लहानपणी जे भांडण कानावर पडलं तेच आम्ही पुढं चालवतोय. दूरच्या माणसांबद्दल इतकी वर्षं एकत्र बसून बोलता बोलता आम्ही दहा-बारा जण एकमेकांचे झालो. पुराच्या दिवसांत कुणाच्या घरी कोण राहायला गेलं, ते सगळं याच खोलीतल्या लोकांमुळं.

मी नवा आहे. आधी कुठला सामना बघू?

एकच बघायचा असेल तर ४ मार्च १९९६, न्यूकॅसलचं मैदान. जानेवारीत न्यूकॅसल १२ गुणांनी पुढं होतं. पहिला अर्धा वेळ ते युनायटेडला अक्षरशः झोडपतात आणि श्मायकल एकेक चेंडू अडवत राहतो. न्यूकॅसलच्या फर्डिनंडचे फटके तो कसे काढतो ते थांबवून थांबवून बघा. कीन मधल्या फळीत आहे, आयर्विन बचावात. ५१ व्या मिनिटाला डावीकडून फिल नेव्हिलचा चेंडू येतो, दूरच्या खांबापाशी कँटोना एकटा उभा असतो, आणि चेंडू जमिनीवर आपटून आत जातो. ०-१. तिथून लीग फिरली. बघून झालं की शनिवारी या आणि तुमचं नाव सांगा.